तीन इसा, चार इसा

वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना ‘साठ’ हा शब्द ठाऊक नव्हता असं नाही. पण गोवऱ्या, कणसं, आंबे मोजायची वेळ आली की तोंडातून निघायचं ते ‘तीन इसा’. ऐंशीला ‘चार इसा’, पन्नासाला ‘दोन इसा न दहा’, शंभराला ‘पाच इसा’. ईस म्हणजे वीस. वऱ्हाडीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘वि’, ‘वी’मधला व गळतो. विहिरीची इहीर होते, विस्तवाचा इस्तो, विंचवाचा इच्चू, तसाच विसाचा ईस. संस्कृत विंशति, प्राकृत वीसा, मराठी वीस, वऱ्हाडी ईस. इथवरच्या वाटेवर कुणाचं भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते मेळघाटात. कोरकू भाषेची अंकमाला पहिल्यांदा माझ्या नजरेखालून गेली तेव्हा मी तिच्याकडे कुतूहलापलीकडे बघत नव्हतो. मिया, बारी, अपई, उफुन, मोनोई, तुरूई, एई, इलार, अरेई, गेल. हे झाले दहा. एकही अंक मराठीशी किंवा हिंदीशी नातं सांगत नाही. आणि मग वीस: इसा. चाळीस म्हणजे ‘बारी इसा’, शंभर म्हणजे ‘मोनोई इसा’. दोन इसा, पाच इसा! अकोटच्या बाजारातली मोजणी जशीच्या तशी गाविलगडाच्या डोंगरात बसलेली. तेव्हापासून एकच प्रश्न मला सोडत नाही: हा इसा खालून वर गेला, की वरून खाली आला?

कोरकू कोण, हे आधी थोडक्यात. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याच्या उत्तरेकडच्या डोंगरात आणि पलीकडे मध्य प्रदेशात ही भाषा आहे. 2011च्या जनगणनेत तिचे बोलणारे सव्वासात लाखांच्या आसपास भरले. ती मुंडा गटातली, म्हणजे संथाळी आणि मुंडारीची बहीण. मुंडा हे नाव माक्स म्युलरनं 1854मध्ये दिलं. कोरकूचं व्याकरण जॉन ड्रेक या मिशनऱ्यानं लिहिलं, ते 1903मध्ये कलकत्त्याला छापलं गेलं. 1906 साली ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा चौथा खंड निघाला. स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानं तयार केलेल्या त्या खंडात मुंडा आणि द्राविडी भाषा आहेत. त्याच वर्षी पाद्री विल्हेल्म श्मिट यांनी मुंडा भाषा आणि ब्रह्मदेश-कंबोडियाकडच्या मोन-ख्मेर भाषा यांना एका कुळात बसवून त्याला ऑस्ट्रोएशियाटिक म्हटलं. त्या कुळाचं सगळ्यात पश्चिमेचं टोक म्हणजे आपली कोरकू.

हे नातं कागदी वाटत असेल तर मोजून बघा. कोरकूत तीन म्हणजे अपई, ख्मेरमध्ये बै, व्हिएतनामीत बा. चार म्हणजे उफुन, ख्मेरमध्ये बुओन, व्हिएतनामीत बोन. मुलगा कोरकूत कोन, ख्मेरमध्येही कोन आणि व्हिएतनामीतही कोन. वाघ कोरकूत कुला, खासी आणि ख्मेरमध्ये ख्ला. मेळघाटातल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पाट्यांवर हा ‘कुला’ लिहिलेला असायला हवा, असं माझं जुनं मत आहे.

आता इसा. सरळ उत्तर असं की डोंगरातला माणूस परतवाड्याच्या, धारणीच्या बाजारात आला, वऱ्हाडी बनियाला ‘दोन इसा’, ‘तीन इसा’ म्हणताना ऐकलं आणि शब्द उचलला. मला या उत्तरात एक बारीकशी खूण आवडते. कोरकूनं ‘ईस’ घेतला नाही, ‘इसा’ घेतला, म्हणजे आकड्यामागे येणारं अनेकवचनी रूप घेतलं. बाजारात कुणी नुसतं वीस म्हणत बसत नाही. ढीग मोजताना इसा, इसा हेच कानावर आदळतं.

पण ही गोष्ट मेळघाटापुरती राहिली तरच सोपी. संथाळीत वीस म्हणजे ‘इसी’, मुंडारीत ‘हिसी’. हे लोक राहतात झारखंडात, त्यांचे शेजारी मगही आणि भोजपुरी. तिथं वीस म्हणजे ‘बीस’, ठणठणीत ब असलेला, आणि व गाळायची वऱ्हाडी खोडही तिथं नाही. मग इसी, हिसी आला कुठून? मुंडारीतला सुरुवातीचा ह तर कोणत्याच आर्य शेजाऱ्याकडे सापडत नाही. इथं उत्साही माणसाला मोह होतोच: इसी-हिसी-इसा हा मूळचाच मुंडा शब्द, आणि वऱ्हाडी ‘ईस’शी त्याची गाठ पडली ती योगायोगानं. काही दिवस मी हे मत मोठ्या आनंदानं मिरवलं.

त्यावरचा प्रतिवाद हिंदीच्या पाढ्यातच बसलेला आहे. बीसमध्ये ब आहे खरा, पण पुढं इक्कीस, बाईस, तेईस, पच्चीस, सत्ताईस. एकट्या विसाचा ब बहुतेक जोडशब्दांत नाहीसा होतो आणि उरतो तो ‘ईस’. ऐकणाऱ्यानं तिथून ‘इसी’ काढला असेल तर मराठीचीही गरज नाही आणि प्राचीन मुंडा शब्दाचीही. मुंडारीतला ह मात्र या मार्गानंही उरतोच. तरी शब्दाचं कुळ आर्य आहे, याकडे माझा कल आता झुकलाय. शब्द आर्य असला म्हणून मोजणीची रीतही आर्य ठरत नाही, आणि खरी गंमत तिथं आहे.

संस्कृताची मोजणी दशमान आहे. विंशतिनंतर त्रिंशत्, चत्वारिंशत्, पञ्चाशत्. ‘दोन विंशती’ म्हणून चाळीस सांगायची पद्धत नाही. द्राविडी भाषाही दहाच्याच. विसाच्या राशी रचायची सवय कुठं आहे? मुंडा भाषांत आहे. मग मराठी माणसाला ‘चार इसा’ म्हणायला शिकवलं कुणी?

हा प्रश्न पहिल्यांदा विचारणारे मराठी नव्हते. पॅरिसचे जाँ प्रिझिलुस्की यांनी बंगाली मोजणीवर एक निबंध लिहिला आणि तिच्यातला ‘कुड़ी’, म्हणजे वीस, हा शब्द आर्यपूर्व थरातून आल्याचं मांडलं. त्यांचे, सिल्व्हँ लेव्हींचे आणि ज्यूल ब्लॉक यांचे असे निबंध प्रबोधचंद्र बागची यांनी इंग्रजीत आणले, ते 1929मध्ये कलकत्ता विद्यापीठानं छापले. हे ब्लॉक म्हणजे मराठी भाषेच्या घडणीवर 1920मध्ये फ्रेंच ग्रंथ लिहिणारे. त्याचं वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेलं भाषांतर ‘मराठी भाषेचा विकास’ 1941मध्ये आलं. या मंडळींना ही गोष्ट चटकन दिसावी यात मला नवल वाटत नाही. फ्रेंच माणूस रोज ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतो. पॅरिसात तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी काढलेल्या रुग्णालयाचं नावच ‘पंधरा विसा’ आहे. आणि तिथंही पंडितांत हाच वाद: विसाची मोजणी लॅटिनची नाही, मग ती जुन्या केल्टिक लोकांकडून आली का?

बंगाली कुड़ीचा मराठी भाऊ म्हणजे ‘कोडी’. कापडाच्या ठाणांची, कातड्यांची कोडी, म्हणजे वीस नग. आता तरुणांना हा शब्द ‘कोडी सोडवा’ एवढ्यापुरताच ठाऊक. कोशांत मात्र तो वीस या अर्थानं बसलेला आहे. किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी तो ‘कोर्जा’ म्हणून वापरला. यूल आणि बर्नेल यांच्या 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची स्वतंत्र नोंद आहे.

कोडीच्या बापाबद्दल तीन दावे आहेत. पहिला कवडीचा. ‘अव’चा ‘ओ’ होणं मराठीत नवं नाही, लवणाचं लोण झालंच. पण हिंदीत कौड़ी आणि कोड़ी शेजारी शेजारी वेगळ्या नांदतात, बंगालीत कड़ी आणि कुड़ी. त्यात बंगालच्या जुन्या हिशेबात चार कवड्यांचा गंडा आणि वीस कवड्यांची ‘बुड़ी’. वीस कवड्यांना स्वतःचं वेगळं नाव असताना कवडीवरून विसाचं दुसरं नाव निघेल हे मला पटत नाही. दुसरा दावा कोटीचा. प्राकृतात कोटीचं ‘कोडि’ होतं, रूप तंतोतंत जुळतं. जुळत नाही तो हिशेब. एक कोटी घसरून विसावर आली असं म्हणायला धाडस लागतं, आणि ते व्युत्पत्तीच्या धंद्यात कमी नाही. तिसरा दावा प्रिझिलुस्कींचा, आर्यपूर्व थराचा. मी त्याच पक्षाचा.

माझ्या पक्षाचा सगळ्यात देखणा पुरावा कोरकूंच्या नावातच आहे. कोरकूत ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं. मुंडारीत तोच शब्द होड़ो, संथाळीत होड़. कोरकूनं जुना क राखला, तिकडे त्याचा ह झाला, जसं कोरकू कोन म्हणजे मुंडारी होन. आता होड़ोतला ड़ आणि कोरोतला क एकत्र ठेवा. कोडो, कोडी! आणि माणसाला बोटं किती? हातापायांची मिळून वीस. जगात माणूस आणि वीस यांना एकच शब्द असणाऱ्या भाषा खरोखर आहेत. माया कुळातल्या किचे भाषेत ‘विनाक’ म्हणजे माणूस, आणि ‘एक विनाक’ म्हणजे वीस. अलास्कातल्या युपिक लोकांचा विसाचा शब्दही माणसाच्या शब्दावरून घडलाय. ग्रीनलंडमध्ये वीस म्हणजे ‘माणूस संपला’.

एवढं जुळल्यावर झोप उडते. पण अडचणीही मांडायला हव्यात. स्वतः कोरकू विसाला कोरो म्हणत नाहीत, इसा म्हणतात. संथाळही होड़ म्हणत नाहीत. बापानं टाकलेला शब्द शेजाऱ्यांनी जपला, असं मानावं लागतं. हे होऊ शकतं. अंकांइतकी फितूर जात शब्दांत दुसरी नाही. पुरावा हवा तर जळगाव जामोद तालुक्यात जा. तिथली निहाली भाषा जगातल्या कोणत्याच कुळात बसत नाही. कायपरपासून शैलेंद्र मोहनांपर्यंत अनेकांनी तिचा पिच्छा पुरवलाय. तिच्यात एक म्हणजे ‘बिडुम’, हा खास तिचा. पण दोनपासून इरार, मोथो, नालो, म्हणजे द्राविडी वळण. आणि पाचाला सरळ पाचो. जी भाषा दोनचा आकडासुद्धा परका घेते, तिच्या शेजारणीनं विसाचा घेतला तर बिघडलं काय?

दुसरी अडचण मोठी आहे. विसाविसानं मोजणं वऱ्हाडापुरतं नाही. देशावरच्या आणि कोकणातल्या म्हाताऱ्यांकडूनही ते ऐकू येतं, आणि तिथं कोरकू कुठं आहेत? प्रिझिलुस्कींच्या काळात याला उत्तर होतं: मुंडा भाषा एके काळी सगळीकडे पसरल्या होत्या. आज ते तितकं सोपं राहिलेलं नाही. फेलिक्स राऊ आणि पॉल सिडवेल यांनी 2019मध्ये मांडलं की मुंडांचे पूर्वज साडेतीन-चार हजार वर्षांमागे समुद्रमार्गे ओडिशाच्या किनाऱ्यावर, महानदीच्या मुखाशी उतरले. हे खरं असेल तर ते सातपुड्यात पोचेपर्यंत बराच काळ गेला, आणि सह्याद्रीपर्यंत त्यांचा थर पसरला होता असं म्हणायला आधार उरत नाही. शिवाय अक्षर नसलेला माणूस कुणाकडून न शिकताही बोटं संपली की थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

तरी माझा निवाडा असा: इसा हा शब्द बाजारातून डोंगरावर गेला, आणि ‘चार इसा’ ही रचना, निदान वऱ्हाडात, डोंगरावरून बाजारात उतरली. पहिला भाग मी पैजेवर सांगेन. दुसऱ्यावर पैज लावणार नाही, पण सोडणारही नाही.

याची तड लावायची सामग्री पुस्तकांत नाही, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. अकोट, तेल्हारा, अचलपूर, धारणी या पट्ट्यातल्या वाचकांना म्हणून एक विनंती. घरातल्या आजीला, शेतावरच्या जुन्या गड्याला, शेजारच्या कोरकू बाबाला काहीतरी खरोखर मोजायला द्या आणि ऐका. पंचाहत्तर ते कसे सांगतात, ‘तीन इसा न पंधरा’ की ‘पाच कमी चार इसा’? शंभराच्या पुढं सहा इसा, सात इसा चालतं का? गावाचं नाव आणि बोलणाऱ्याचं वय लिहून ठेवा, आणि ऐकाल तसंच लिहा, शुद्ध करू नका.