मजल्यांची नावे व गणना

मजल्यांची नावे व गणना : इमारतीत एकावर एक असलेल्या तलांना दिली जाणारी नावे व ते मोजण्याची पद्धत. जमिनीलगतचा तल मोजणीत धरावयाचा की नाही, याबाबत भाषाभाषांत भिन्न प्रथा असून त्यांची मुळे घरबांधणीच्या इतिहासात आढळतात.

इटालियन भाषेत मजल्यास ‘प्यानो’ (सपाटी) म्हणतात. जमिनीलगतचा तो ‘प्यानतेर्रेनो’ व त्यावरचा ‘प्रीमो प्यानो’, म्हणजे पहिला. फ्लॉरेन्स येथील मेदीची प्रासाद (बांधकामास आरंभ १४४४) व तत्सम प्रबोधनकालीन वास्तूंत तळाशी कोठारे, कचेऱ्या इत्यादी असत, तर धन्याची दालने वरच्या ‘प्यानो नोबिले’, म्हणजे प्रतिष्ठित मजल्यावर असत. स्पेनमधील जुन्या शहरी घरांत तळमजल्यानंतर ‘एंत्रेस्वेलो’ व ‘प्रिन्सिपाल’ असे नामधारी मजले येत; त्यामुळे तेथील ‘पहिला’ मजला जमिनीपासून मोजल्यास चौथा ठरतो. फ्रेंच भाषेतही जमिनीवरच्या तलास ‘एताज’ म्हणत नाहीत. हाच शब्द रशियनने उचलला. पण तेथे पहिला ‘एताझ’ म्हणजे तळमजलाच. जपानी व अमेरिकन इंग्रजी यांतही गणना जमिनीपासून होते, ब्रिटिश इंग्रजीत मात्र तिच्या वरच्या तलापासून. उद्वाहक (लिफ्ट) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आल्यावर प्रतिष्ठा वरच्या मजल्यांकडे सरकली. नावे मात्र तशीच राहिली.

भारतीय वास्तुशास्त्रात तळापासून मोजण्याची परंपरा आहे. मानसार या ग्रंथात एकभूमी ते द्वादशभूमी विमानांची वर्णने असून त्यांत तळची भूमी पहिलीच होय. वेरूळची बारावी गुंफा ‘तीन ताल’ या नावाने ओळखली जाते. तिचेही तीन तल जमिनीपासून मोजलेले आहेत. शेजारच्या अकराव्या गुंफेस ‘दो ताल’ म्हणत. तिचा सर्वांत खालचा तल मातीखाली गाडलेला असल्याचे १८७६ मध्ये उघडकीस आले. गुंफा तीन तलांची ठरली, तरी जुने नाव टिकून राहिले.

मराठीतील ‘मजला’ हा शब्द अरबी ‘मंझिल’शी संबंधित आहे. प्रवासातील टप्पा या अर्थाचा ‘मजल’ शब्दही त्याच मुळाचा. ‘माडी’ व ‘माळा’ हे शब्द घराच्या वरच्या भागाचे वाचक आहेत. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातील दरबाराचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर असून त्याची मांडणी इटालियन प्रासादांची आठवण करून देते. मराठीत दोन पद्धती एकत्र नांदतात. ‘दुमजली’ घरात तळमजला जमेस धरतात. मात्र त्याच घराच्या माडीस ‘पहिला मजला’ म्हणतात. या हिशेबाने तीन मजली इमारतीत तिसरा मजला नसतो. व्यवहारात मात्र तळमजल्यावर तीन मजले असलेल्या इमारतीसही ‘तीन मजली’ म्हणतात.

हा संदिग्धपणा केवळ शाब्दिक नाही. भिवंडी (जि. ठाणे) या यंत्रमागांच्या शहरात मागांचा भार व कंप जमिनीवर पेलणे सोयीचे असल्याने माग सामान्यतः तळमजल्यावर बसवितात आणि त्यावर वस्ती होते. तेथील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वृत्तांतून तिचे वर्णन ‘तीन मजली’ असे झाले. परंतु एवढ्या शब्दावरून ढिगाऱ्याखाली किती तलांवरची माणसे शोधावयाची, हे कळत नाही. म्हणूनच बांधकामाच्या नकाशात ‘तळ + ३’ अशी नोंद करतात. राष्ट्रीय इमारत संहितेने (२०१६) उंच इमारतीची व्याख्या मजल्यांच्या संख्येवरून न करता १५ मी. व त्याहून अधिक उंचीवरून केली आहे. व्यवहारातही तळमजल्याचा स्वतंत्र उल्लेख केल्यास संदिग्धता उरत नाही.