मणक्याच्या आजाराची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, तर अपील कसे करावे?

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आज आपल्या अनेक घरांत माजी सैनिक आहेत. वर्षानुवर्षे पाठीवर ओझे वाहून कुणाची मणक्याची गादी सरकते, कुणाची कंबर कायमची धरते. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड मात्र ‘आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही’ असा शेरा देते आणि पेन्शनचा दावा फेटाळला जातो. हे पत्र म्हणजे शेवटचा शब्द नव्हे.

हक्क कशावर ठरतो?
आजार सेवेमुळे झालेला किंवा वाढलेला असावा आणि अपंगत्व किमान २० टक्के असावे. धरमवीर सिंह प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरावे. आजाराचा सेवेशी संबंध नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. बोर्डाने कारणेही द्यावीत. राम अवतार प्रकरणामुळे (२०१४) मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वाढवून धरण्याचा लाभ मिळाला: २० ते ५० टक्क्यांच्या आतले अपंगत्व ५० टक्के धरले जाते. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी आधी ते वाचावेत.

अपिलाच्या पायऱ्या
१. नकाराचे पत्र मिळाल्यापासून ६ महिन्यांत पहिले अपील.
२. तेही फेटाळले, तर ६ महिन्यांत दुसरे अपील.
३. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी मुंबई खंडपीठ. येथेही मुदत ६ महिन्यांची, पण योग्य कारण दिल्यास उशीर माफ होऊ शकतो.

फार वर्षे उलटली असली तरी हक्क संपत नाही. मात्र तरसेम सिंह निकालानुसार (२००८) थकबाकी साधारणपणे ३ वर्षांचीच मिळते. म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना घरच्या पैशांतून जातो.

कागदपत्रे
डिस्चार्ज बुक, नकाराचे पत्र, मेडिकल बोर्डाचा पूर्ण अहवाल, लष्करी रुग्णालयातील नोंदी, एमआरआय. अहवाल जवळ नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागर येथे आहे. दुखणे कुठल्या पोस्टिंगवर, कोणते काम करताना सुरू झाले, हे तारखांसह लिहावे. ‘कंबर दुखते’ एवढ्याने काम होत नाही.

मदत कुठे?
धारणीकरांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयासाठी सेमाडोह, परतवाडा ओलांडून अमरावती गाठावी लागते. दुखऱ्या कंबरेने एसटीचा तो घाट वारंवार करवत नाही, म्हणून सगळे कागद जमवून एकदाच जावे. अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून धम्मात आलेले बौद्धही त्यात येतात.

तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच: आपल्या वस्तीतल्या माजी सैनिकाच्या घरी जा, ट्रंकेतले नकाराचे पत्र बाहेर काढा आणि सर्वांत आधी त्यावरची तारीख वाचा.