कौले, माळवदे आणि मृगाचा पाऊस

'खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत', 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात', ही वाक्ये आपल्या परप्रांतीच्या घरांतून अद्याप ऐकू येतात. परंतु वासा म्हणजे नेमके काय, तो आढ्यापासून भिंतीवर कसा उतरतो, वळचण कोणती आणि पागोळ्या कशाच्या गळतात, हे मुलांस दाखवावयाचे म्हटले तर सिमेंटच्या सपाट छताखाली संसार थाटलेल्या आम्हां मोठ्यांचीही अडचण होते. म्हणून या सुवर्णमहोत्सवी अंकात आपल्या मुलखातील छपरांचा, आणि ती राखण्यासाठी दरवर्षी कराव्या लागणाऱ्या खटाटोपाचा, थोडा इतिहास सांगावा असे आम्ही योजिले आहे.

हा इतिहास बराच जुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात पाषाणाच्या कमानीला आतून सागवानी फासळ्या बसविलेल्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षे त्या तेथे टिकून आहेत. डोंगरात कोरलेल्या छतास लाकडाच्या आधाराची गरज नव्हती. कारागिरांच्या डोळ्यांपुढे लाकडी घराचे छप्पर होते, एवढाच त्याचा अर्थ. तेर, नेवासे आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी येथील उत्खननांत सातवाहन काळातील भाजलेली कौले सापडली असून ती खिळ्यांनी जखडण्यासाठी त्यांस भोके ठेवलेली आहेत. तेव्हा कौल ही वस्तू आपल्याकडे मिशनऱ्यांनी आणली, हा समज खरा नव्हे.

मिशनऱ्यांनी आणले ते यंत्रावरचे कौल. त्याआधी गावोगावचा कुंभार चाकावर नळा ओढी आणि तो पुरता सुकण्यापूर्वी उभा चिरून त्याची दोन कौले करी. ही नळीची कौले रिपांवर नुसती रचलेली असत. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. वाऱ्याने, मांजरांनी, वानरांनी ती सरकत. म्हणून कोकणात वैशाख आला की घर शाकारावयास काढीत. सगळी कौले खाली उतरवावयाची, त्यांतली माती व पाने झटकावयाची, फुटकी वेगळी काढावयाची, वाळवीने खाल्लेल्या रिपा बदलावयाच्या आणि मग वळचणीपासून आढ्याकडे पुन्हा रचीत जावयाचे. हे सारे मृग लागण्यापूर्वी आटोपावे लागे. शाकारणीस दिवस थोडे आणि माणसे पुष्कळ लागत. आज याचे घर तर उद्या त्याचे, अशा परतफेडीने गाव हे काम उरकी.

मंगळुरास बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. या कौलांना खाचा असतात, त्यामुळे एक कौल दुसऱ्यात अडकून बसते आणि सहसा सरकत नाही. गलबतांतून ही कौले किनाऱ्याने वर आली आणि हळूहळू 'मंगलोरी' हा शब्दच चांगल्या घराची खूण होऊन बसला. शाकारणीचे कष्ट त्याने पुष्कळ कमी केले. आढ्यावरचा चुना उकलणे, शेवाळ धरणे, एखादे कौल नारळ पडून फुटणे, हे मात्र राहिलेच.

घाटावर, विशेषतः मराठवाडा आणि सोलापुराकडे, रीत अगदी निराळी. तेथे पाऊस थोडा, ऊन कडक, म्हणून माळवद. खानदेशात त्यालाच धाबे म्हणतात. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर. ही माती शेतातली काळी नव्हे, तर जुन्या वस्तीच्या पांढरीतली. ओली झाली की तिचे कण विखरून बारीक छिद्रे बुजवितात आणि पाणी पन्हळीकडे वळते. प्राचीन वस्त्यांची कित्येक पांढरीची टेकाडे याच कारणाने खणली गेली आहेत. पूर्वजांच्या घरांची माती वंशजांच्या डोक्यावर गेली, असे म्हणावयास हरकत नाही. उन्हाळ्यात याच माळवदावर कुरडया वाळत आणि रात्री अंथरुणे पडत. मृगापूर्वी त्यावर नवी पांढरी पसरून ती चोपीत, पावसात जेथे गळेल तेथे घमेलेभर आणखी टाकीत, आणि पावसाळा सरला की उगवलेले गवत उपटीत.

या व्यवस्थेतला एक दोष मात्र भयंकर ठरला. जुनी माती न काढता दरवर्षी नवी टाकीत गेल्याने छप्पर पिढ्यानुपिढ्या जड होत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून लोक निजलेले असताना, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि वरची सगळी माती झोपलेल्यांवर आली. हजारो माणसे गेली. जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तेथे काही ठिकाणी भिंती पडूनही तो उभा राहिला. माळवदाची निंदा करणाऱ्यांनी आणि त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी, दोघांनीही हे पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

कोकणातील दुखणे याहून वेगळे आहे. आमच्यापैकी अनेकांच्या गावच्या घरांस आता कुलूप असते. बंद घरात चूल पेटत नाही, धूर वर जात नाही, त्यामुळे वाशांना कीड लवकर लागते. आणि एक कौल सरकले तर ते पाहावयास कोणी नसते. पहिल्या वर्षी भिंतीवर ओघळ दिसतो, काही वर्षांत वासा कुजतो आणि मग मातीची भिंत बसते. जे पूर्वी शाकारणीसाठी मनिऑर्डर करीत त्यांची मुले पैसे आजही पाठवितात, पण छपरावर चढणारा गडी मिळणे कठीण झाले आहे.

३ जून २०२० रोजी, मृगाला चार-पाच दिवस उरले असताना, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. टाळेबंदीमुळे दूरच्या माणसांस गावी पोहोचणेही अवघड होते. जे कसेबसे पोहोचले त्यांनी कौलांची वाट न पाहता हाती लागेल ते प्लास्टिकचे कापड घातले आणि पुढे कित्येकांनी लोखंडी पत्राच चढविला. तो पुष्कळ वर्षे टिकतो, दरसाल शाकारावा लागत नाही. मात्र आषाढात झड लागली म्हणजे माजघरात एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही.