बंदिवासात जन्मलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची विक्री आणि लहान प्रजनक : मुळशी तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस वसलेला मुळशी तालुका इतिहासाच्या अभ्यासकांना प्रामुख्याने १९२१ ते १९२४ या काळातील धरणविरोधी सत्याग्रहामुळे परिचित आहे. आंबेमोहोर भातासाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्याच्या पूर्व भागाचे स्वरूप हिंजवडी येथील माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे पालटले. शेतीला पूरक म्हणून कुक्कुटपालन व दुग्धव्यवसाय करणारा ग्रामीण समाज आणि नव्या हौशी जोपासणारा नोकरदार वर्ग येथे शेजारी शेजारी आले. परदेशी पोपट, इग्वाना, लेपर्ड गेको, बॉल पायथन अशा प्राण्यांचा छंद याच नागरी वर्गात रुजला. हे प्राणी बंदिवासात वाढवून विकण्याचा विचार अशा तालुक्यातील अल्प भांडवलाच्या व्यक्तीला सुचणे स्वाभाविक आहे. पिल्ले जन्मतात, परंतु ती विकली जात नाहीत, असा अनुभव मात्र या व्यवसायात जगभर आलेला आहे. 'ग्राहक कमी' एवढेच त्याचे कारण मानणे अपुरे ठरते. या मंदीची मुळे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्यापाराच्या इतिहासात व त्यासंबंधीच्या कायद्याच्या घडणीत शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बक्षीस, कातडी आणि विष

महाराष्ट्रात सापाला मोल आले ते प्रथम मृत प्राणी म्हणून. ब्रिटिश राजवटीत विषारी साप मारून हजर करणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात अल्पावधीत एक लाखाहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. बक्षिसाच्या लोभाने दिल्लीत लोकांनी नाग पाळून वाढविल्याची कथा सर्वश्रुत असली तरी तिला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावयास हवी. सापाचे दुसरे मोल त्याच्या कातडीत होते. भारतातून सर्पचर्माची मोठी निर्यात होत असे. १९७० च्या दशकात तिच्यावर बंदी आली. तिसरे मोल विषाचे. परळच्या हाफकिन संस्थेसारख्या संस्थांत तयार होणाऱ्या प्रतिसर्पविषासाठी नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार जातींचे विष लागते.

या तिन्ही प्रकारांत साप रानातून पकडला जाई. त्याच्या पैदाशीचा खर्च कोणी करीत नसे. त्यामुळे पाळून वाढविलेल्या सापाला स्वतंत्र किंमत येण्याचे कारणच नव्हते. तमिळनाडूत १९७८ मध्ये स्थापन झालेल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेने साप पकडून विष काढण्याची व साप पुन्हा रानात सोडण्याची पद्धती रूढ केली. तेथेही विक्री होते ती विषाची.

१९७२ चा कायदा व मगरींचा अनुभव

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने संरक्षण दिले ते जातीला. अनुसूचीतील प्राणी रानातून पकडला काय किंवा पिंजऱ्यात जन्मला काय, त्याच्या खाजगी विक्रीस वाव उरला नाही. अजगर, घोरपड व मगर यांना या कायद्यात सर्वोच्च दर्जाचे संरक्षण मिळाले. शिकार व व्यापार यांना एकाच वेळी आळा घालणे हा त्यामागील हेतू होता आणि तत्कालीन परिस्थितीत तो रास्तच होता. गारुडी समाजाची पारंपरिक उपजीविका मात्र याच काळात बेकायदा ठरली.

बंदिवासातील प्रजनन यशस्वी होऊनही बाजारपेठ नसेल तर काय घडते, याचे उदाहरण मगरींच्या संवर्धनात सापडते. १९७५ मध्ये भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने मगर संवर्धन प्रकल्प हाती घेतला. पुढील वर्षी रोम्युलस व झाई व्हिटेकर यांच्या पुढाकाराने चेन्नईजवळ मद्रास क्रोकोडाइल बँक सुरू झाली. भारतीय मगर बंदिवासात सहज वाढते, हे लवकरच सिद्ध झाले. मात्र वाढलेल्या मगरी सोडण्यास सुरक्षित नद्या व तलाव अपुरे पडले आणि विक्रीचा मार्ग कायद्याने बंद होता. अखेर तेथे प्रजननच रोखावे लागले. अलीकडे त्यांतील सुमारे १,००० मगरी जामनगर येथील खाजगी प्राणिसंग्रहालयाकडे हलविण्यास मंजुरी मिळाली. हेही विक्रीने नव्हे, तर हस्तांतराने घडले.

याच काळात जगात अन्यत्र वेगळी दिशा घेतली गेली. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या 'साइटिस' कराराच्या सदस्य राष्ट्रांची परिषद १९८१ मध्ये नवी दिल्ली येथे भरली. रानातील अंडी वा पिल्ले नियंत्रित वातावरणात वाढवून त्यांचा व्यापार करण्यास मुभा देणारा ठराव तेथे संमत झाला. त्याच्या आधारे १९८३ मध्ये झिंबाब्वेतील नाइल मगरीच्या व्यापाराला वाट मिळाली. ज्या देशाच्या राजधानीत हा ठराव झाला, त्या देशाने स्वतः तो मार्ग स्वीकारला नाही.

परदेशी जाती : विकलेला प्राणी हाच स्पर्धक

१९७२ च्या कायद्याच्या अनुसूचींत परदेशी जाती नव्हत्या. त्यांच्या आयातीवर सीमाशुल्क, आयात-निर्यात धोरण व साइटिस यांचे नियंत्रण होते. परंतु प्राणी एकदा देशात आला की त्याची मालकी, पैदास व विक्री यांबाबत कायदा जवळजवळ मौन होता. परदेशी प्राण्यांची बाजारपेठ या मौनाच्या आधारे वाढली.

या बाजारपेठेचे अर्थशास्त्र समजण्यास बॉल पायथनचे उदाहरण उपयुक्त आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत या जातीतील वर्णहीनता आनुवंशिक असल्याचे प्रजननाने सिद्ध झाले आणि अशा एकेका पिल्लास हजारो डॉलर मिळू लागले. काही वर्षांतच किंमत कोसळली. कारण उघड आहे. दूध वा अंडी विकणाऱ्याचा ग्राहक त्याचा स्पर्धक होत नाही. प्रजननक्षम जोडी विकणारा मात्र प्रत्येक विक्रीबरोबर एक नवा विक्रेता निर्माण करतो. शिवाय हा प्राणी २० ते ३० वर्षे जगतो. त्यामुळे एकदा घेतलेला ग्राहक पुन्हा लवकर येत नाही. न विकलेले पिल्लू दर आठवड्यास उंदीर खाते, त्याला ऊब लागते आणि जागाही अडते. साठवून ठेवलेल्या धान्याप्रमाणे ते भाव येईपर्यंत विनाखर्च ठेवता येत नाही.

२०२२ ची दुरुस्ती व मुळशीतील प्रजनक

जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती घोषित करण्याची संधी दिली. ठरावीक मुदतीत घोषणा करणाऱ्यांकडे आयातीची कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. त्यानंतर वन्यजीव (संरक्षण) सुधारणा अधिनियम, २०२२ संमत झाला व १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. साइटिसच्या परिशिष्टांतील जाती त्याने चौथ्या अनुसूचीत आणल्या. पहिल्या परिशिष्टातील जातींच्या प्रजनकास परवाना आवश्यक झाला. २०२४ च्या नियमांनी अनुसूचीतील जिवंत प्राण्याची मालकी, जन्म, हस्तांतर व मृत्यू यांची 'परिवेश' प्रणालीवर नोंद बंधनकारक केली. बॉल पायथन या नोंदणीच्या कक्षेत येतो. परिशिष्टांबाहेरील कॉर्न स्नेक येत नाही.

मुळशीतील लहान प्रजनकावर या बदलाचा परिणाम दुहेरी संभवतो. नोंदणीमुळे खर्च व श्रम वाढतात आणि कागदपत्रांना बिचकणारा ग्राहक दुरावतो. त्याचबरोबर, आई-बापांपासून पिल्लापर्यंतची अखंड नोंद असलेला प्राणी तस्करीच्या प्राण्यापासून प्रथमच वेगळा ओळखता येतो. आजवर स्वस्त तस्करीचा माल हा प्रामाणिक प्रजनकाचा खरा प्रतिस्पर्धी होता. २०१९ मध्ये साइटिसच्या पहिल्या परिशिष्टात गेलेल्या भारतीय तारांकित कासवाची तस्करी आजही होते, ही बाब येथे विसरता येत नाही. नोंद काटेकोर राहिली तरच हा लाभ टिकेल. खोट्या जन्मनोंदींनी रानातला वा तस्करीचा प्राणी 'घरी जन्मलेला' ठरू लागला, तर प्रामाणिक प्रजनक पुन्हा पूर्वीच्याच जागी येईल.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, भारतात सरपटणाऱ्या प्राण्याची किंमत प्रजनकाच्या कौशल्याने क्वचितच ठरली. ती कधी सरकारी बक्षिसाने, कधी बंदीने, तर कधी कायद्याच्या मौनाने ठरली. मंदीत भाव उतरवून अधिक पिल्ले विकणे हा लहान प्रजनकाला सुचणारा पहिला उपाय असतो. परंतु या व्यवसायात तो पुढील हंगामाची मंदी अधिक तीव्र करतो. आधी मागणी, मग जोडी लावणे, हा क्रम पाळणे त्याच्या हिताचे आहे. मद्रासच्या मगरींना निदान संस्थेचा आश्रय होता. मुळशीच्या ओढ्यात वा पुण्याच्या तलावात सोडून दिलेल्या परदेशी कासवाला किंवा सापाला तो नसतो आणि त्याच्यामुळे स्थानिक जीवसृष्टीला धोका पोहोचतो. म्हणून न विकल्या गेलेल्या पिल्लाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न केवळ प्रजनकाच्या नफातोट्याचा राहत नाही. नोंदणीचे नियम करणाऱ्या शासनालाही त्याचे उत्तर द्यावे लागेल.