कानाने वाचलेला मंटो

सआदत हसन मंटो म्हटले की आपल्याला फाळणीच्या कथा आणि त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले आठवतात. रेडिओ नाटककार मंटो मात्र आपण विसरलो आहोत.

११ मे १९१२ रोजी लुधियाना जिल्ह्यातल्या समराल्यात जन्मलेले मंटो १९३६च्या सुमारास मुंबईत आले. ‘मुसव्विर’ या साप्ताहिकाचे संपादन आणि सिनेमासाठी लेखन, यावर घर चालत होते. १९४१ मध्ये ते दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओत नोकरीला लागले. कृष्ण चंदर, उपेंद्रनाथ अश्क, नून मीम राशिद तिथे सहकारी होते. मंटो उर्दू टाइपरायटरवर थेट नाटक टाइप करीत. सुमारे दीड वर्षात त्यांनी शंभराहून अधिक नाटके व रूपके लिहिली. ही नाटके पोटाच्या प्रश्नातून जन्मली, हे त्यांनी लपवले नाही.

‘आओ’ या मालिकेत किशोर आणि लाजवंती हे नवरा-बायको आणि त्यांचा मित्र नारायण यांच्या घरगुती गमती आहेत. ‘जनाज़े’मध्ये टिपू सुलतान, बाबर, शाहजहान, नेपोलियन यांचे अखेरचे क्षण आहेत. एका मुसलमान लेखकाने हिंदू घरातले संवाद लिहिले, ते ऐकताना कुणाला परके वाटण्याचे कारण नव्हते.

त्या काळात हिंदी की उर्दू, हा वाद रेडिओच्या दारापर्यंत आला होता. पण आवाजाला लिपी नसते. आशागड-डहाणूच्या बाजारात मराठी, गुजराती, वारली कानावर पडतात, तेव्हा कोण कोणत्या लिपीत लिहितो हे कुणी विचारत नाही. आपल्यापैकी किती तरी मराठी मुसलमानांना उर्दू वाचता येत नाही, पण ऐकली तर कळते. अशांसाठी रेडिओचे नाटक म्हणजे उघडे दार होते.

संहितेतले फेरफार मंटोंना सोसले नाहीत. १९४२ मध्ये नोकरी सोडून ते मुंबईला परतले आणि जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेले. तिथेच १८ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

रेडिओची ती मेहनत वाया गेली नाही, असे मला वाटते. ‘खोल दो’ ही कथा आठवा. तिचा सगळा घाव दोन साध्या शब्दांत आहे. खिडकीसाठी उच्चारलेले ते शब्द एक मुलगी वेगळ्याच अर्थाने ऐकते. शब्द कानावर कसा पडतो, हे ज्याने रोज माइकसाठी लिहिले त्यालाच इतके नेमके ठाऊक असणार.

म्हणून मंटो वाचायचे असतील, तर एकदा मोठ्याने वाचून पाहा. घरातल्या ज्यांना लिपी येत नाही, त्यांनाही शेजारी बसवा.