मेंढीची जात डीएनएवरून कशी ओळखतात?

पावसाळा सरला की धुळे जिल्ह्यातले ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात आणि शेतकऱ्यांच्या रानात वाडा बसवतात. त्यांना मेंढीची जात नजरेनेच कळते. काळी, जाड लोकरीची ती दख्खनी. उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, बाकदार नाक आणि लोकर जवळपास नाहीच, ती सांगलीच्या जत भागातली माडग्याळ. पण मटणाला वजन मिळावं म्हणून दख्खनी कळपात माडग्याळ मेंढा सोडला की दोन-तीन पिढ्यांनी नजरही फसते. डीएनए चाचणीचा उपयोग इथे होतो.

'दख्खनी' नावाचा एखादा जनुक मात्र नसतो. रक्ताच्या किंवा कानाच्या बारीक तुकड्याच्या नमुन्यातून डीएनएमधल्या हजारो जागा तपासतात. प्रत्येक जागेवर कोणतं अक्षर कोणत्या जातीत किती वेळा आढळतं, याची तुलना होते. म्हणजे उत्तर मिळतं ते शक्यतेच्या भाषेत: हा प्राणी कोणत्या जातीला किती जवळचा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात ७४ जातींच्या २,८१९ मेंढ्या तपासल्या गेल्या. त्यात दख्खनीही होती. जातींमध्ये पूर्वीपासून बरीच सरमिसळ झाल्याचं त्यातून दिसलं. 'शुद्ध जात' हा शब्द त्यामुळे जपूनच वापरावा.

कधी कधी मात्र एकच अक्षर मोठा माग दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांना एका वेळी अनेक कोकरं होतात. बीएमपीआर१बी या जनुकातला एका अक्षराचा बदल, म्हणजेच 'फेकबी', याला कारणीभूत असल्याचं २००१ मध्ये समजलं. पुढे सुंदरबनातल्या छोट्याशा गरोल मेंढीतही नेमका तोच बदल सापडला. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला मेंढ्या गेल्याची नोंद होतीच. तिला डीएनएचा दुजोरा मिळाला.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हाच फेकबी गरोलमधून दख्खनीत आणला आणि 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. दख्खनी मेंढी एरवी बहुधा एकच कोकरू देते. फेकबीची एक प्रत असली तर अनेकदा जुळी होतात.

मेंढा विकत घेताना हे कामाला येतं. मेंढा स्वतः वीत नाही, त्यामुळे 'जुळ्यांचा आहे' हा विकणाऱ्याचा शब्द त्याच्याकडे पाहून पारखता येत नाही. चाचणीत कळतं. दोन प्रती असलेला मेंढा प्रत्येक कोकराला एक प्रत देतो, एक प्रत असलेला सरासरी निम्म्यांनाच. या चाचणीवरून जात मात्र ठरत नाही. फेकबी असलेली मेंढी दिसायला पूर्ण दख्खनी असू शकते.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ बिलाखेडला राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. पण मेंढा कुठूनही आणला तरी फिरत्या कळपाला आधी हिशेब मांडावा लागतो. दोन प्रतींच्या मेंढीला तीन कोकरंही होतात आणि चाऱ्याच्या टंचाईत तिचं दूध तिघांना पुरत नाही. शिवाय नुकती जन्मलेली कोकरं पुढच्या मुक्कामापर्यंत उचलूनच न्यावी लागतात.