बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील भूजलाचा समस्थानिक अभ्यास

बंगालच्या त्रिभुज प्रदेशातील भूजलाचा समस्थानिक अभ्यास म्हणजे गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या नद्यांच्या गाळाने बनलेल्या जलधरांतील पाणी कोठून आले, ते किती काळ भूगर्भात राहिले आणि त्या काळात त्याचे रासायनिक स्वरूप कसे बदलले, याचा समस्थानिकांच्या साहाय्याने घेतलेला शोध होय. हा प्रदेश बांगलादेश व भारतातील पश्चिम बंगाल यांत विभागलेला आहे. उथळ जलधरांत आर्सेनिक कसे येते आणि खोल जलधरांतील पाणी यापुढेही पिण्यायोग्य राहील काय, हे या अभ्यासाचे मुख्य प्रश्न आहेत.

पार्श्वभूमी

तळ्यांच्या दूषित पाण्यातून पसरणारे पटकी, अतिसार यांसारखे रोग टाळण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे लाखो कूपनलिका खोदण्यात आल्या. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकात, तर बांगलादेशात १९९३ मध्ये त्यांच्या पाण्यात आर्सेनिक आढळले. बांगलादेशात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १५० मीटरपेक्षा उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्के कूपनलिकांत आर्सेनिकचे प्रमाण लिटरला ५० मायक्रोग्रॅम या तेथील मर्यादेपेक्षा अधिक होते. त्याहून खोल कूपनलिकांत हा वाटा सुमारे १ टक्का होता. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे.

वापरले जाणारे समस्थानिक

* ट्रिटियम : हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक, अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे पावसात त्याचे प्रमाण वाढले होते. पाण्यात ट्रिटियम आढळल्यास ते निदान अंशतः त्या काळानंतर मुरलेले असते. त्याच्या ऱ्हासातून बनणारे हेलियम-३ मोजल्यास वय अधिक नेमके ठरते.
* कार्बन-१४ : अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे. हजारो वर्षे जुन्या पाण्याचे वय त्यावरून काढतात.
* ऑक्सिजन-१८ व ड्यूटेरियम : हे स्थिर समस्थानिक आहेत. बाष्पीभवन झालेल्या पाण्यात त्यांचे परस्परप्रमाण बदलते. त्यामुळे तळ्यातून मुरलेले पाणी थेट पावसातून मुरलेल्या पाण्यापासून वेगळे ओळखता येते.

निष्कर्ष

गाळातील लोहाच्या ऑक्साइडांना आर्सेनिक चिकटलेले असते. प्राणवायूच्या अभावी जीवाणू सेंद्रिय कार्बनचा वापर करताना या ऑक्साइडांचे क्षपण करतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरते, ही उपपत्ती आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. हा कार्बन गाळाबरोबर पुरलेला की पृष्ठभागावरून नव्याने आलेला, याविषयी मात्र मतभेद आहेत. बांगलादेशातील मुन्शीगंज येथील संशोधकांनी २००२ मध्ये कार्बन-१४ च्या आधारे अलीकडच्या कार्बनाचा सहभाग सुचवला व सिंचनासाठीच्या उपशाकडे लक्ष वेधले. पुढे तळ्यांतून मुरणाऱ्या पाण्यावरही चर्चा झाली. पश्चिम बंगालमधील स्थिर समस्थानिकांच्या एका अभ्यासाने तळी हे आर्सेनिकचे कारण असल्याचे नाकारले.

ढाक्याजवळील अराइहजार येथे ट्रिटियम व हेलियम-३ यांवरून काढलेले उथळ पाण्याचे वय जितके जास्त, तितके आर्सेनिकही जास्त आढळले. जेथे वालुकामय जमिनीतून पाणी लवकर मुरते, तेथे ते कमी असते. एकाच गावातील शेजारच्या दोन कूपनलिकांच्या पाण्यात मोठी तफावत का पडते, याचे अंशतः उत्तर यातून मिळते.

खोल जलधरांतील बहुतांश पाण्यात ट्रिटियम आढळत नाही आणि कार्बन-१४ नुसार ते हजारो वर्षे जुने ठरते. याचा अर्थ वरचे पाणी तेथवर फार सावकाश पोहोचते. म्हणून खोल पाणी पिण्यापुरते राखावे, सिंचनासाठी त्याचा मोठा उपसा करू नये, असा सल्ला दिला जातो. अतिउपशाने वरचे दूषित पाणी खाली ओढले जाण्याचा धोका असतो.

मर्यादा

खडकांतील व गाळातील कार्बोनेट विरघळल्यास पाण्यात कार्बन-१४ नसलेला जुना कार्बन मिसळतो व पाणी प्रत्यक्षाहून जुने भासते. त्यासाठी दुरुस्ती करावी लागते. लांब जाळीच्या कूपनलिकेत निरनिराळ्या थरांचे पाणी एकत्र येते, त्यामुळे मिळणारे वय हे मिश्रणाचे असते. पाणी जुने असणे हा ते निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. त्यामुळे प्रत्येक कूपनलिकेच्या पाण्याची रासायनिक तपासणी आवश्यकच ठरते.